मॉरिशसमध्ये स्वतः गाडी चालवत पाच-सहा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला मी दोनदा गेले. पहिल्यांदा लग्नानंतर, पॅकेज टूरने. दुसऱ्यांदा नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि माझी आई यांच्यासोबत, भाड्याची गाडी घेऊन. दुसऱ्या खेपेनंतर नात्यातले, ऑफिसातले, मुलीच्या शाळेतले पालक असे कितीतरी जण तेच तेच प्रश्न विचारत राहिले. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

एवढंसं बेट! तिथे रोड ट्रिप कसली करायची?

बेट लहान आहे हे खरं. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. सलग चालवत राहिलात तर एका लांबलचक दिवसात पूर्ण फेरी मारून होईल. पण पॅकेजमध्ये नेमकं हेच होतं. एक दिवस ‘नॉर्थ टूर’, एक दिवस ‘साउथ टूर’, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि उरलेला वेळ हॉटेलच्या आवारात. पहिल्या खेपेला मी मॉरिशस पाहिलं ते बसच्या काचेतून.

स्वतःची गाडी असली की उसाच्या शेतामधल्या अरुंद रस्त्यावर थांबता येतं. शेताच्या मधोमध रचलेले काळ्या दगडांचे उंच ढीग तिथेच दिसतात. जमीन ज्वालामुखीची, त्यामुळे ऊस लावण्याआधी हे बसाल्टचे धोंडे एकेक करून उचलावे लागले, आणि ते उचलणाऱ्यांमध्ये भारतातून गेलेले मजूर होते. आई त्या ढिगाजवळ जाऊन नुसती उभी राहिली होती. टूरच्या बसला असल्या जागी थांबा नसतो.

किती दिवस लागतात आणि मुक्काम कुठे करावा?

पाच रात्री पुरतात, सहा मिळाल्या तर उत्तम. मुक्काम दोनच ठिकाणी करा. रोज हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस सामान भरण्यात जातो, आणि एकाच ठिकाणी राहिलात तर रोज तोच रस्ता दोनदा तुडवावा लागतो.

आम्ही तीन रात्री नैर्ऋत्येला तामारिनजवळ आणि दोन रात्री उत्तरेला त्रू ओ बिशला काढल्या. ले मॉर्नचा कडा, शामारेलची रंगीत माती, जंगल, गंगा तलाव हे सगळं नैर्ऋत्येहून हाताशी. उत्तरेहून राजधानी पोर्ट लुई, पांप्लमूसची बाग, काप मालेरूचं चर्च. विमानतळ आग्नेयेला आहे, म्हणजे दोन्ही मुक्कामांपासून तासाभराहून जास्त अंतरावर. पहाटेचं विमान असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळच्या माएबुरला काढणं शहाणपणाचं.

कोणत्या महिन्यात जावं?

दक्षिण गोलार्ध असल्यामुळे ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. माझ्या मते मे महिना किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यांत चांगला. हवा कोरडी, ऊन सोसवणारं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे गुलमोहर फुलतो. आपल्याकडे मे महिन्याच्या रखरखीत उन्हाशी जोडलेलं हे झाड तिथे नाताळाच्या सुमारास लाल होतं, आणि लिचीचा हंगामही तेव्हाच असतो.

जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर वारा सतत असतो. त्या दिवसांत गेलात तर पश्चिमेला राहा. शिवाय हिवाळ्यात सहा वाजायच्या आत सूर्य मावळतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे आमचा पहिलाच बेत कोलमडला आणि घाट अंधारात उतरावा लागला.

जानेवारी ते मार्च चक्रीवादळं येतात म्हणतात. जाऊच नये का?

जाता येतं, पण हातात एखादा मोकळा दिवस ठेवून. इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या-दुसऱ्या पायरीला लोक तयारी करतात. तिसरी जाहीर झाली की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात. त्यानंतर गाडी बाहेर काढायची नाही. हॉटेलवाले सांगतात ते ऐकायचं, एवढंच.

व्हिसा आणि लायसन्सचं काय?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरून त्याची प्रत जवळ ठेवा.

गाडीसाठी आपलं मूळ लायसन्स हवंच. फोनमधला फोटो चालत नाही. सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्या. आपल्या आरटीओत तो मिळतो, एक वर्ष चालतो, आणि भाड्याच्या काउंटरवर वाद होत नाही. अनेक कंपन्या एकवीस-तेवीस वर्षांखालच्या चालकाला गाडी देत नाहीत. दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात घालून घ्या.

गाडी घेताना काय बघायचं?

छोटी गाडी घ्या. चार माणसं आणि दोन बॅगा मावल्या की झालं. गावातले रस्ते अरुंद आहेत, मोठी गाडी डोकेदुखी होते. शामारेलच्या चढासाठी गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक मागून घ्या, आणि ती आधीच बुक करा.

ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ काढा. बंपरच्या खालची कड, चाकांच्या रिम, काच, सगळं. आम्ही घाईत फोटो काढले ते नेमके वरवरचे. परत देताना डाव्या मागच्या रिमवरच्या ओरखड्यावरून अर्धा तास बोलाचाली झाली, आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले. तो ओरखडा आधीपासूनच होता याची मला खात्री आहे, पण दाखवायला पुरावा नव्हता. विम्यात चाकं आणि काच धरली आहेत का, हे सही करण्याआधी विचारा. अनामत क्रेडिट कार्डावरच अडकवतात. डेबिट कार्डावर बरेच जण तयार होत नाहीत.

रस्ते कसे आहेत? आपल्याला जमेल का?

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला पहिल्या मिनिटापासून जमतं. विमानतळाहून पोर्ट लुई आणि तिथून उत्तरेला जाणारा महामार्ग चांगला आहे. टोल नाही.

सांभाळायचं ते तीन ठिकाणी. पहिलं, गोल चौक. तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि हा नियम सगळे पाळतात. आपल्यासारखं हळूच नाक घुसवायचं नाही. दुसरं, वेगाचे कॅमेरे. ते भरपूर आहेत आणि मर्यादा थोड्या थोड्या अंतरावर बदलते. तिसरं, गावातल्या रस्त्यांना साइडपट्टी नसते, कडेला थेट दगडी गटार असतं. समोरून बस आली की डावं चाक त्यात जाईल अशी धास्ती वाटते. अशा वेळी सरळ थांबा, बसवाला जागा काढून जातो.

साधारण जून ते डिसेंबर ऊसतोडणी चालते, तेव्हा उसाचे ट्रक सांभाळून ओलांडा. आणि तोडणीच्या आधी ऊस इतका उंच असतो की चौकात आडवा रस्ता दिसतच नाही.

पेट्रोल पंपावर भरून देणारा माणूस असतो. भाव सरकार ठरवतं, सगळीकडे एकच, त्यामुळे स्वस्त पंप शोधत हिंडू नका. मात्र लहान गावांतले पंप रात्री लवकर बंद होतात.

गावांची नावं वाचताच येत नाहीत! पत्ता विचारायचा कसा?

नावं फ्रेंच, आणि लिहितात एक, म्हणतात दुसरंच. ‘माहेबोर्ग’ असं वाचाल ते माएबुर, ‘क्युरेपाइप’ वाटेल ते क्युरपीप, ‘सॉइलॅक’ ते सुयाक. मुक्कामाची आणि रोजच्या ठिकाणांची नावं आदल्या रात्री कुणाकडून तरी म्हणवून घ्या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क जातं.

लोक आपसात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. इंग्रजी आणि फ्रेंच बहुतेकांना कळतं, हिंदीही पुष्कळांना. तरी आधी ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. थेट रस्ता विचारलेला तिथे उद्धटपणा वाटतो. माझ्या आईने ही सवय एका दिवसात उचलली आणि आमच्यापेक्षा तिलाच लोक जास्त आपुलकीने रस्ता सांगू लागले.

एकच दिवस गाडी मिळणार असेल तर कुठे जाऊ?

दक्षिणेला. काहीही विचार न करता दक्षिणेला.

सकाळी लवकर ले मॉर्नपासून सुरुवात करा. समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा हा सरळसोट कडा. गुलामगिरीच्या काळात मालकांकडून पळालेले लोक त्याच्या कपारींमध्ये लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायलाच आलेत असं समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. खालचं निळं पाणी पाहून बहुतेक जण परततात. तुम्ही वर कड्याकडेही शांतपणे बघा.

तिथून रस्ता किनारा धरून पूर्वेला जातो. हाच माझा सगळ्यांत आवडता पट्टा. बे दु कापच्या अलीकडे माकोंदे नावाचा खडक आहे. रस्ता त्याच्या पोटाला वळसा घालून अगदी पाण्याच्या कडेने जातो. भरती असली की लाटेचे तुषार काचेवर येतात. अलीकडे जागा बघून गाडी लावा आणि पायऱ्या चढून वर जा. खाली रस्त्याचं वळण, एका बाजूला उथळ हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गळ टाकत होते. आम्ही वर पाऊण तास होतो, तेवढ्या वेळात त्यांनी जागा सोडली नाही.

पुढे सुयाक आणि ग्री ग्री. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे, म्हणून किनाऱ्याजवळचा समुद्र शांत असतो. ग्री ग्रीला तो बांध तुटलेला आहे. खुला हिंदी महासागर सरळ काळ्या कड्यावर येऊन आपटतो. पाण्यात उतरायचं नाही, कडेला मुलांचा हात सोडायचा नाही. थोडं चालत गेलं की ‘रडणारा खडक’ लागतो, लाट ओसरताना त्याच्यावरून पाणी ओघळत राहतं.

वेळ उरला तर परतताना बुआ शेरीचा चहाचा मळा करा. १८९२ पासून तिथे चहा होतो. तळ्याकाठी बसून व्हॅनिलाचा चहा पिता येतो. आईने दोन पुडे घेतले, घरी अजून एक शिल्लक आहे.

शामारेलची सात रंगांची माती खरंच बघण्यासारखी आहे का?

आहे, पण अपेक्षा जरा आवरून. जागा लहान आहे, कुंपण आहे, लाकडी सज्जावरून बघायचं. ज्वालामुखीचा खडक झिजून माती झाली आणि त्यातल्या लोह-ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे हे तांबडे, जांभळे, पिवळट पट्टे दिसतात. ऊन वर आल्यावर रंग उठून दिसतात. त्याच आवारात धबधबा आणि मोठी कासवं आहेत, मुलगी कासवांपाशीच रमली.

खरी मजा पुढे, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्यात आहे. दरीचा देखावा दिसतो तिथे थांबा. बेटावरचं सर्वोच्च शिखर, ८२८ मीटरचं, याच भागात आहे. वर धुकं पटकन उतरतं, म्हणून हे दुपारच्या आत उरका. एक हलकं जाकीट जवळ असू द्या.

गंगा तलावाला जायलाच हवं का?

देवदर्शनाची आवड असो वा नसो, जा. डोंगरातल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिओले गावातून पहिले यात्रेकरू पायी इथे आले. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं. वाटेवर शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती आहे, ती सगळे फोटोत पकडतात. मला मात्र तळ्याच्या पायरीवर नारळ आणि केळी ठेवून दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिलेली, ऑफिसच्या गणवेशातली मुलगी जास्त आठवते.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावड घेऊन चालत येतात. आपली वारी पाहिलेल्याला ते दृश्य ओळखीचं वाटेल. पण त्या दिवसांत गाडीने तिकडे जायचा बेत करू नका, रस्ते चालणाऱ्यांचे असतात.

पोर्ट लुईत गाडी न्यावी का?

शक्यतो नाही. सकाळ-संध्याकाळ कोंडी असते, रस्त्यावर गाडी लावायची तर पार्किंगचे नियम आणि कुपनं बघावी लागतात. क्युरपीप ते पोर्ट लुई मेट्रो आहे, आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. आम्ही मुक्काम बदलायच्या दिवशी सामान गाडीत असल्यामुळे गाडी नेली आणि बंदराजवळच्या वाहनतळात लावली.

इतर काही जमलं नाही तरी आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ नंतर भारतातून करारावर आणलेले मजूर इथे उतरत. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. बोटीवरून उतरून चढायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. आम्ही त्या मोजल्या. आई म्हणाली, “समुद्र आयुष्यात पहिल्यांदा ओलांडून यायचं, आणि पुढे काय आहे हे कुणाला ठाऊक?” मग बराच वेळ आम्ही कुणी बोललो नाही. प्रवेशाला पैसे नाहीत. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका, कामाच्या दिवशी जा.

तिथे मराठी माणसं आहेत हे खरं का?

खरं आहे. मुंबई बंदरातूनही मजूर गेले, त्यांतले पुष्कळ कोकणातले. त्यांचे वंशज आज मराठी म्हणूनच ओळखले जातात. शाळांमध्ये मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आपली कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने अजून नाचतात. मोकाला शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, २०२३ मध्ये बसवलेला.

कास्काव्हेलजवळ फळं घेताना आमचं बोलणं ऐकून दुकानातल्या काकूंनी विचारलं, “मराठी?” त्यांना आमच्यासारखं भराभर बोलता येत नव्हतं, मधेमधे क्रिओल येत होतं. पण त्यांनी आरती म्हणून दाखवली, ती एकही शब्द न अडखळता. जाताना मुलीच्या हातात दोन पेरू दिले आणि पैसे घेतले नाहीत. कुणी भेटलं तर मराठीतच सुरुवात करा, त्यांना मनापासून आनंद होतो.

शाकाहारी जेवणाचे हाल होतात का?

मुळीच नाही. दालपुरी हे तिथलं रोजचं खाणं. हरभऱ्याच्या जातीच्या पिवळ्या डाळीचं पुरण भरलेली, कागदासारखी मऊ, पातळ पुरी. जोडीनेच मिळते. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळून देतात. ‘मिरची कमी’ हे आधीच सांगा. तिथली मिरची आपल्या लवंगीला हार जाणारी नाही. बरोबर गातो पिमां, म्हणजे छोटे डाळवडे, आणि वर गार आलूदा, आपल्या फालुद्याचा भाऊ. किनाऱ्यावर सोललेला अननस तिखट-मीठ आणि चिंच लावून विकतात, तो सोडू नका.

दुपारी दोननंतर अशा गाड्यांवरचं संपत येतं, आणि गावात रात्री लवकर सामसूम होते. संध्याकाळी सातच्या आत जेवणाची सोय करून ठेवा.

उत्तर आणि पूर्व किनारा?

उत्तरेला काप मालेरूचं लाल छपराचं चर्च आणि मागे समुद्रातलं एकटं बेट, पहाटे बघा. पांप्लमूसच्या बागेतली परातीएवढाली पानं असलेली कमळं मुलांना फार आवडतात. ग्रां बे गजबजलेलं, मला तिथे थांबावंसं वाटलं नाही. पूर्वेला बेल मारची वाळू सुरेख. त्रू दो दूसहून बोटीने ईल ओ सेरला जाता येतं, पण सुट्टीच्या दिवशी तिथे फार गर्दी.

पैसे, सिम, प्लग?

एक मॉरिशियन रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांना पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रुपे तिथे सुरू झालं आहे, पण दालपुरीवाल्यासाठी आणि फळवाल्यासाठी सुट्टी रोकड लागतेच. सिम विमानतळावर मिळतं. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर घरून न्या. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ११४. घड्याळ दीड तास मागे करा.

परतीच्या दिवशी काय करता येईल?

विमान संध्याकाळचं असेल तर सकाळ माएबुरला घालवा. विमानतळाहून जवळच आहे. सोमवार असला तर मोठा बाजार भरतो, व्हॅनिला आणि लोणची तिथूनच घ्या. जवळच ब्लू बे आहे, तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ दिसतात. ओल्या कपड्यांसाठी पिशवी वेगळी ठेवा, कारण तिथून थेट विमानतळावर जायचं असतं.

पेट्रोल माएबुरमध्येच भरा आणि पावती जपून ठेवा. गाडी देताना काटा, किलोमीटर आणि चारही चाकं पुन्हा व्हिडिओत घ्या, आणि गाडी तपासून ‘ठीक आहे’ असं त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नका.